कुमानोच्या समुद्राखालची एक रेघ

प्रथमदर्शनी या चित्रात डोळा ठरावा असे काही नाही. काळ्या-पांढऱ्या बारीक रेघांची एक लांबच लांब पट्टी. वरचा भाग कोरा, मध्ये रेघांची दाटी, आणि खाली उतरावे तसतशी ती दाटी विरत गेलेली. डावीकडे जपानचा किनारा आहे असे समजायचे, उजवीकडे खुला महासागर, आणि वरचा कोरा भाग म्हणजे पाणी. होन्शू बेटाच्या दक्षिणेला की नावाचे द्वीपकल्प समुद्रात शिरते, त्याच्या आग्नेयेला कुमानोचा समुद्र, आणि त्याच्याही पुढे, चार किलोमीटर खोल पाण्याखाली, नानकाई द्रोणी. फिलिपाइन समुद्राचा भूपट्ट तिथे वर्षाला चार ते सहा सेंटिमीटर अशा संथ चालीने जपानच्या पोटाखाली शिरतो आहे. २००६ साली या भागातल्या १२ किलोमीटर रुंद आणि ५६ किलोमीटर लांब अशा पट्ट्याचे त्रिमित भूकंपीय चित्रण झाले, आणि ग्रेगरी मूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७च्या नोव्हेंबरात ‘सायन्स’ नियतकालिकात त्यातले छेद प्रसिद्ध केले. त्यांपैकी किनाऱ्याकडून खोल समुद्राकडे जाणारा एक छेद आपण सावकाशीने पाहू.

पाहण्याआधी माझा एक आग्रह आहे. शोधनिबंधांत अशा चित्राच्या बहुधा दोन प्रती छापतात: एक नुसती, आणि दुसरी लाल-निळ्या रेघा ओढून, बाण काढून, नावे घालून समजावून दिलेली. आपण आधी नुसती प्रत पाहावी. समजावलेल्या प्रतीत भ्रंश, म्हणजे खडक तुटून सरकल्याच्या जागा, इतके निःशंक, इतके सुबक दिसतात की त्यांच्यापर्यंत पोचायला कुणाला काही सायास पडले असतील, कुठे डोळ्याने कच खाल्ली असेल, याचा मागमूसही उरत नाही. नुसत्या प्रतीत मात्र रेघ मध्येच पुसट होते, तुटते, दोन बोटे सोडून वेगळ्याच उंचीवर पुन्हा सुरू होते, आणि आपल्याला थांबून विचारावे लागते, की ही तीच का? या विचारण्यातच अशा चित्राची सगळी गोडी साठवलेली असते.

यातली प्रत्येक रेघ म्हणजे एक प्रतिध्वनी. ध्वनी एका थरातून दुसऱ्यात शिरतो तेव्हा, त्या दोन थरांच्या घनतेत आणि त्यांतून ध्वनी धावण्याच्या वेगात फरक असेल, तर त्याचा थोडा अंश मागे फिरतो. फरक नसेल तर तो निमूट पुढे जातो आणि चित्रात त्या जागी काहीच उमटत नाही. त्यामुळे शेकडो मीटर जाडीचा एकजिनसी खडक इथे अगदी कोरा राहू शकतो, आणि दोन मामुली थरांमधली सांध मात्र ठसठशीत येते. खडक म्हणून ज्यांना हातोडीने ठोकून पाहता येईल अशा वस्तू या चित्रात दिसतच नाहीत. दिसतात त्या त्यांच्या सीमा, त्यांची परस्परांशी असलेली नाती. एकदा हे मनात ठसले की कोऱ्या जागाही बोलू लागतात. कोरेपणा कुठे एकजिनसी खडकामुळे आला आहे, कुठे थर इतके चुरगळले आहेत की एकही प्रतिध्वनी नीट जुळला नाही म्हणून आला आहे, आणि कुठे ध्वनीची ताकदच संपली म्हणून आला आहे, हे ओळखण्यात जाणत्याचा डोळा लागतो.

हे प्रतिध्वनी गोळा कसे केले तेही पाहण्याजोगे आहे. ‘नॉर्डिक एक्सप्लोरर’ नावाचे जहाज आपल्यामागे चार केबली ओढत चालले होते. प्रत्येक केबल साडेचार किलोमीटर लांब, दोन केबलींत दीडशे मीटरांचे अंतर, आणि प्रत्येकीत ओळीने बसवलेले, पाण्यातला आवाज टिपणारे हायड्रोफोन. जहाजामागे पाण्यात बुडवलेल्या एअरगनमधून दाबाखालची हवा ठरावीक अंतराने एकदम मोकळी सोडायची, आणि त्या स्फोटाचा नाद खाली जाऊन, आपटून, परत येईपर्यंत ऐकत राहायचे. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला दीड किलोमीटर जातो. दोन किलोमीटर खोल तळावरचा पहिला प्रतिध्वनी पावणेतीन सेकंदांच्या आत येतो. त्याच्यामागून गाळाचे थर येतात, आणि तळाखाली पाचेक किलोमीटरांवर जे आहे त्याचा निरोप यायला सहाएक सेकंद लागतात. सहा सेकंद! वीस लाख वर्षांच्या घडामोडींचा वृत्तान्त, आणि तो ऐकायला लागणारा वेळ एका दीर्घ श्वासाएवढा. मात्र या भागात कुरोशिओचा जोरदार प्रवाह वाहतो, आणि मागे लोंबणाऱ्या केबली तो एका बाजूला वाकवून नेतो. म्हणून प्रत्येक हायड्रोफोन त्या त्या क्षणी नेमका कुठे होता याची नोंद ठेवावी लागते. ती चुकली तर प्रतिध्वनी खरा असूनही चुकीच्या जागी जाऊन बसेल.

एकाच प्रतिध्वनीवर विसंबायचे नाही, हा या विद्येचा पहिला संस्कार. समुद्राखालचा एकच बिंदू अनेक स्फोटांनी आणि अनेक हायड्रोफोनांनी, जवळून आणि तिरकसपणे, पुनःपुन्हा तपासला जातो, आणि त्या सगळ्या नोंदी प्रवासाच्या वेळेतला फरक काढून टाकून एकावर एक ठेवल्या जातात. जे खरे आहे ते सगळ्यांत सारखे असते, म्हणून ते ठळक होत जाते. लाटांची खळखळ, जहाजाची धडधड प्रत्येक वेळी निराळी, म्हणून ती आपापसांत विरते. आपल्यासमोरच्या रेघेचा ठळकपणा हा असा अनेक साक्षींच्या एकवाक्यतेतून आलेला आहे.

आणि तरीही या कच्च्या टप्प्यावर चित्र खोटे बोलत असते. तेही अशा लोभस रीतीने की खोटे ठाऊक असूनही पाहत राहावे. एखादा थर जिथे तटकन तुटलेला असतो, त्या तुटलेल्या टोकावरून ध्वनी सर्व दिशांना पसरतो. जहाज त्या टोकाच्या माथ्यावर येण्याच्या आधी आणि पुढे गेल्यानंतरही ते टोक ऐकू येत राहते, फक्त जरा उशिराने. म्हणून कच्च्या चित्रात अशा प्रत्येक टोकावर एक कमान उमटते, दोन्ही बाजूंनी खाली ओघळणारी, गणिताच्या भाषेत अपास्ताची. भ्रंशांनी छिन्नविच्छिन्न झालेल्या प्रदेशाचे कच्चे चित्र अशा एकमेकींत गुंतलेल्या शेकडो कमानींनी भरून जाते. तिरप्या थरांचीही तीच गत: ते आपल्या खऱ्या जागेपासून उताराच्या दिशेने घसरलेले आणि खऱ्याहून कमी तिरके दिसतात. मग येते स्थलांतरणाची गणिती प्रक्रिया. ती प्रत्येक प्रतिध्वनीला विचारते, की तू या वेळी पोचलास तर कुठकुठून आलेला असू शकशील, आणि सगळ्यांची उत्तरे जिथे जुळतात तिथे त्याला नेऊन बसवते. कमानी मिटत मिटत आपापल्या शिखराशी येतात आणि त्या जागी एक बिंदू उरतो. तो बिंदू म्हणजे थर तुटल्याची नेमकी जागा. भ्रंशाचा शोध घेणाऱ्याने या मिटणाऱ्या कमानींवर प्रेम करावे असे मला वाटते. अखंड थरावरून येणारा ध्वनी शिस्तीत परततो. कमान काढतो तो तुटलेपणाच.

आता उजवीकडून, म्हणजे खोल समुद्राकडून, आत यायला सुरुवात करू. इथे रेघा आडव्या, समांतर, वहीच्या पानासारख्या आखीव आहेत. हा शिकोकू खोऱ्याचा आणि त्यावर द्रोणीत साचलेला गाळ. त्यांच्या तळाशी एक जाडसर, ओबडधोबड परावर्तन आहे; ते सागरी कवचाच्या बेसाल्टचा माथा, आणि डावीकडे जावे तसे ते खाली झुकत जाते. थोडे आत आलो की आडव्या रेघांना अकस्मात कुबड येते. इथून पुढे प्रत्येक थर आपल्याच पुढच्या भागावर चढलेला आहे, पुन्हा त्यावर पुढचा, त्यावर त्याच्या पुढचा. खळ्यावर फळीने धान्य लोटत नेले की फळीपुढे त्याची रास उभी राहते, मागून नवे दाणे रेटले गेले की ती आणखी उंच आणि आणखी तिरपी होते, आणि अधूनमधून तिच्यात एक चीर पडून वरचा भाग पुढे घसरतो, तसाच हा गाळाचा पाचरीसारखा ढीग. खाली शिरणाऱ्या भूपट्टावरचा गाळ जपानच्या कडेने खरवडून काढला जातो आणि किनाऱ्याच्या बाजूला रचला जातो. रचनेचे नियम साधे, पण निर्मिती किती गुंतागुंतीची! एकेक पापुद्रा वेगळा करून पाहिला तर प्रत्येकाच्या तळाशी एक लहानसा क्षेपभ्रंश आढळतो, आणि ते सगळे खाली जाऊन एका सामाईक सरकत्या पृष्ठाला मिळतात.

आणखी थोडे डावीकडे, आणि आपण ज्या रेघेसाठी आलो ती इथे आहे. तळाशी, पाण्याखालच्या जमिनीपासून सुमारे १० किलोमीटर खोल, द्रोणीच्या अक्षापासून ५० ते ५५ किलोमीटर किनाऱ्याकडच्या बाजूला, दोन भूपट्टांच्या मुख्य सीमेतून एक फाटा फुटतो. आधी तो मूळ सीमेच्या अंगाअंगाने चालतो, मग धीर करून वर वळतो, अधिकाधिक उभा होत जातो, आणि माथ्याजवळ तीन-चार डहाळ्यांत विभागून समुद्रतळाच्या अगदी जवळ पोचतो. जिन-ओह पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये द्विमित छेदांवरून या शाखाभ्रंशाची वार्ता दिली होती; त्रिमित चित्रणाने त्याला देह दिला. तो किनाऱ्याला समांतर असा १२० किलोमीटरांहून अधिक लांब पसरला आहे. त्याचे उभे होणे हा त्याच्या स्वभावातला सर्वांत महत्त्वाचा गुण. चपट्या भ्रंशावर दहा मीटर सरकण झाली तरी तळ थोडाच उचलला जातो. भ्रंश उभा असेल तर तीच सरकण तळाला कितीतरी अधिक वर ढकलते, आणि तळ उचलला की त्यावरचे पाणी उचलले जाते. ७ डिसेंबर १९४४ च्या तोनानकाई भूकंपात किनाऱ्यावर जी त्सुनामी चढली, तिचे उगमक्षेत्र लाटांच्या नोंदींवरून मागे मागे काढत नेले, तर त्याची समुद्राकडची कड याच परिसरात येऊन थांबते. युद्धाचा काळ होता. बाराशेच्या आसपास माणसे दगावली आणि बातमी दडपली गेली. इथल्या थोर भूकंपांच्या लेखी नोंदी इसवी सन ६८४ पर्यंत मागे जातात. १७०७ चा एक, १८५४ मध्ये जेमतेम दीड दिवसाच्या अंतराने दोन, मग १९४४ आणि १९४६. आपल्यासमोरच्या निरुपद्रवी दिसणाऱ्या काळ्या रेघेत हे सगळे मिटून बसले आहे, हे ध्यानात आल्यावर तिच्याकडे पुन्हा पाहावे.

पुन्हा पाहताना आता रेघेच्या आत पाहू. प्रतिध्वनी ही एक लहर. तिला उंचवटा आणि खळगा असतो, आणि कोण आधी येतो हे महत्त्वाचे. मऊ थरातून ध्वनी कठीण थरात शिरताना जो प्रतिध्वनी फिरतो त्यात उंचवटा आधी येतो असे धरले, तर कठीण थरातून मऊ थरात शिरताना तो उलटा, खळगा आधी घेऊन येतो. समुद्रतळाचा प्रतिध्वनी सरळ, कारण पाण्याखाली गाळ अधिक कठीण. पृथ्वीत साधारणपणे खाली जावे तसे खडक दाबले जातात, आवळले जातात, कठीण होत जातात. म्हणून खालून येणाऱ्या ठळक परावर्तनांनीही सरळच असावे. नानकाईच्या भ्रंशांवर मात्र बऱ्याच ठिकाणी उलटे परावर्तन दिसते. म्हणजे इथे वर कठीण आणि खाली मऊ असा विपरीत क्रम आहे. खडकांच्या ओझ्याखाली, किलोमीटरगणिक खोलीवर, काहीतरी मऊ राहिले आहे. आवळले गेलेले नाही. सर्वांत संभाव्य कारण पाणी. गाळाबरोबर खाली गेलेले, वाट न सापडल्याने कोंडलेले, वरच्या खडकांचा भार स्वतःवर तोलून धरणारे पाणी. ज्या भ्रंशाच्या भेगांत असे दाबाखालचे पाणी असते, त्याच्या दोन्ही बाजू एकमेकींवर पुरत्या टेकत नाहीत, आणि ज्या टेकत नाहीत त्या सहज सरकतात. एका लहरीत खळगा आधी आला की उंचवटा, एवढ्या सूक्ष्म भेदातून आपण भ्रंशाच्या दुबळेपणाचा अंदाज बांधू शकतो. भूकंपीय चित्रणातल्या सगळ्या युक्त्यांत मला ही सर्वांत देखणी वाटते.

याच गुणाची दुसरी, जरा खट्याळ रेघ वरच्या भागात आहे. समुद्रतळाखाली चारेकशे मीटरांवर, तळाच्या प्रत्येक चढउताराची हुबेहूब नक्कल करत, एक रेघ चालली आहे. ती थरांना जुमानत नाही, त्यांना खुशाल छेदून जाते. नवख्याला तो भ्रंशच वाटावा. तोही उलटाच प्रतिध्वनी. पण ही सीमा खडकांची नाहीच, ती तापमानाची आणि दाबाची आहे. तिच्या वर मिथेन पाण्याशी बर्फासारखा गोठून घट्ट झालेला असतो, तिच्याखाली तो मोकळा वायू होऊन थर मऊ करतो. गोठण्याची ही मर्यादा तळापासूनच्या खोलीवर ठरते, म्हणून ती तळाची नक्कल करते. असल्याच रेघेचा माग काढत ‘चिक्यू’ हे जपानी छिद्रण-जहाज २०१५ मध्ये आपल्या कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रातही येऊन गेले. आपल्या छेदात मात्र ती रेघ दोन कामे करते: एक तर डोळ्याला सावध करते, आणि दुसरे म्हणजे ती कुठे वर उचलली गेली आहे यावरून खालून उष्ण पाणी कुठे चढत असावे याची कुजबुज ऐकवते.

डावीकडच्या टोकाला कुमानो खोरे आहे, आणि इथे चित्राला काळाचे परिमाण लाभते. किनाऱ्यावरून वाहून आलेला गाळ खोऱ्यात थरांवर थर साचला आहे. गाळ साचतो तेव्हा आडवाच साचतो, हे आपण गृहीत धरू. सर्वांत वरचे थर अजूनही आडवे आहेत. पण खाली उतरावे तसे थर किनाऱ्याकडे कललेले दिसतात, आणि जितके जुने तितके अधिक कललेले. म्हणजे खोऱ्याची समुद्राकडची कड गाळ साचत असतानाच हळूहळू उचलली जात होती, आणि तिला उचलणारा हात आपला शाखाभ्रंश. थरांच्या कलाची प्रत्येक पायरी म्हणजे त्याच्या हालचालींची नोंदवही. छिद्रणातून मिळालेल्या गाळाच्या वयांशी या पायऱ्या जुळवून मायकेल स्ट्रासर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले, की हा भ्रंश सुमारे साडेएकोणीस लाख वर्षांपूर्वी जन्मला. शांतपणे साचणाऱ्या गाळाने शेजारच्या अशांताचे चरित्र लिहून ठेवावे, ही मोठी गोड गोष्ट आहे. त्याच गाळात जरा बारकाईने पाहिले तर असंख्य लहान भ्रंश दिसतात, पण ते सगळे ताणाचे, थर ओढले जाऊन तुटल्याचे. खाली सारा प्रदेश दाबला जात असताना वरचे पांघरूण ताणले जाते आहे! ही विसंगती मी प्रथम वाचली तेव्हा चक्रावलो होतो. पण कड उचलली गेली आणि पाचरीचा ढीग थोडा सैलावला की वरचा गाळ समुद्राच्या दिशेने ओढला जाणे ओघानेच येते.

इतका वेळ आपण रेघेचे कौतुक केले. आता तिची जाडी विचारू. या खोलीवर ध्वनीचा वेग सेकंदाला चार किलोमीटर आणि कंपनसंख्या पंचवीस धरली, तर एका लहरीची लांबी होते १६० मीटर, आणि तिच्या चतुर्थांशाहून, म्हणजे ४० मीटरांहून, जवळ असलेल्या दोन पृष्ठांचे प्रतिध्वनी चित्राला वेगळे करता येत नाहीत. आपली नाजूक काळी रेघ म्हणजे प्रत्यक्षात एखाद्या उंच इमारतीएवढ्या जाडीच्या पट्ट्याची गोळाबेरीज. आणि भूकंपात सरकते ते केवढे? ‘चिक्यू’ने २००७ च्या अखेरीपासून या छेदावर ठिकठिकाणी छिद्रे घेतली. शाखाभ्रंशाच्या वरच्या टोकाशी, आणि पाचरीच्या अगदी पुढच्या भ्रंशावरही, गाळाचे जे स्तंभ वर आले, त्यांत बोटाच्या पेराहूनही पातळ अशा काळ्या रेषा सापडल्या. आरितो साकागुची आणि सहकाऱ्यांनी त्या रेषांमधल्या प्राचीन वनस्पतींच्या कणांची चकाकी मोजली. असे कण तापले की अधिक चकाकतात, आणि एकदा चकाकले की पुन्हा मंदावत नाहीत. त्या रेषा कधीतरी ३०० अंश सेल्सियसहून अधिक तापल्या होत्या. आसपासचा गाळ थंड, आणि मध्ये ही भाजलेली रेषा: वेगाने सरकताना झालेल्या घर्षणाची खूण. तोवरची रूढ समजूत अशी, की समुद्रतळाजवळचा मऊ गाळ भूकंपाचा धक्का गिळून टाकतो, सरकण तिथवर पोचत नाही. साकागुचींचा निष्कर्ष याच्या उलट होता. तो २०११ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये तोहोकूच्या भूकंपात भ्रंश थेट जपान खंदकापर्यंत, पन्नासेक मीटर सरकला. चित्रातली चाळीस मीटरांची जाडी आणि गाळातली पेराएवढी रेषा या दोहोंच्या मध्ये भ्रंशविज्ञानाचे सारे कुतूहल वसले आहे. चित्र सांगते भ्रंश कुठून कुठे गेला, कुठे उभा झाला, कुठे त्याने पाणी धरले. रेषा सांगते भूकंपाच्या क्षणी नेमके काय झाले.

हे सगळे वाचताना आपल्याला कोयना आठवल्याशिवाय राहत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा ६.३ तीव्रतेचा भूकंप, १९६२ पासून भरू लागलेला शिवाजीसागर जलाशय, आणि त्यानंतर आजतागायत त्याच २०-३० किलोमीटरांच्या टापूत होत राहिलेले धक्के. पण कोयनेच्या भ्रंशाचे असे देखणे छेदचित्र आपल्याला सहजी मिळत नाही, आणि याला कारण आपला अभिमानाचा विषय असलेला कातळच. दख्खनच्या बेसाल्टचे तिथे सुमारे एक किलोमीटर जाडीचे, एकावर एक लाव्हांचे थर. त्यांत घट्ट आणि सच्छिद्र भाग आलटून पालटून येतात. प्रत्येक सांधीवर ध्वनीचा थोडा अंश परततो, थोडा विखुरतो, आणि खालच्या ग्रॅनाइटपर्यंत पोचून परत येणारा निरोप क्षीण आणि गोंगाटाने भरलेला असतो. सत्तरच्या दशकात राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने गुहागर ते चोरोची अशा रेषेवर स्फोट घडवून खोल भूकंपीय मापन केले, तेव्हा त्यातून कवचाची मोठी चौकट मिळाली. पण भ्रंशाचे बारीकसारीक काही त्या चौकटीत मावणारे नव्हते. म्हणून कोयनेत क्रम उलटा झाला. भूकंपांच्याच लहरी वेगवेगळ्या स्थानकांवर किती लवकर वा उशिरा पोचतात यावरून आतल्या वेगांचा नकाशा करायचा, छिद्रांतून दीड किलोमीटर खोल भूकंपमापक उतरवायचे, आणि २०१७ मध्ये गोठणे इथे घेतलेल्या तीन किलोमीटरांच्या प्रायोगिक छिद्रासारखे सरळ आतच शिरायचे. बेसाल्टखाली गाळाचा थर असेल ही कित्येकांची अपेक्षा या छिद्रांनी फोल ठरवली. लाव्हा थेट ग्रॅनाइटी खडकावर पसरला होता. सह्याद्रीत हात चित्राच्या पुढे गेला.

कुमानोच्या समुद्रात मात्र चित्र हाताच्या पुढेच आहे. कुमानो खोऱ्याच्या समुद्राकडच्या कडेला, सी-०००२ नावाची जागा आहे. तिथल्या दोन किलोमीटर पाण्याखालून, तळाखाली ५,२०० मीटरांवर आपली काळी रेघ ठळकपणे जाते, आणि तिच्यापर्यंत पोचून भूकंप जिथे जन्मतो तिथलाच खडक वर आणायचा हा या साऱ्या छिद्रणाचा मनोरथ होता. टप्प्याटप्प्याने छिद्र खोल होत गेले. भेगाळलेला खडक छिद्राच्या भिंतींतून ढासळत होता, सळया अडकत होत्या. ऑक्टोबर २०१८ ते मार्च २०१९ च्या मोहिमेत ‘चिक्यू’ ३,२६२.५ मीटरांपर्यंत पोचले; वैज्ञानिक सागरी छिद्रणातला तो तेव्हाचा विक्रम, आणि तरीही रेघ जवळजवळ दोन किलोमीटर खालीच राहिली. कुणाला हे अपयश वाटेल. मला त्यात चित्राचा अधिकार दिसतो: जे अजून कुणी हातात धरलेले नाही त्याच्याविषयी इतके नेमके, इतक्या विश्वासाने बोलणारे दुसरे साधन आपल्यापाशी नाही.

दरम्यान २००६ चे ते प्रतिध्वनी जपून ठेवलेलेच होते. नवी गणिते आली, संगणक बलिष्ठ झाले, आणि काझुया शिराइशी व सहकाऱ्यांनी त्याच नोंदी पुन्हा नव्याने स्थलांतरित करून २०१९ मध्ये सुधारित त्रिमित चित्रे प्रसिद्ध केली. एकही नवा स्फोट केला नाही, एकही जहाज पुन्हा निघाले नाही, आणि तरी खोलवरचा जो भाग आधी करड्या कुंद रेघांचा होता तिथे परावर्तने वेगळी होऊन दिसू लागली. शक्य झाल्यास दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. जुन्या प्रतीत शाखाभ्रंशाच्या खालची जागा निवांत कोरी आहे असे आपल्याला वाटले होते. नव्या प्रतीत तिथपासून सागरी कवचाच्या माथ्यापर्यंत बोट फिरवून पाहा, कुठकुठे थांबावे लागते ते.